जबड्याची हाडे कानात जात असताना तो प्राणी खात कसा होता?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. सस्तन प्राण्यांच्या कानातली दोन हाडे त्यांच्या पूर्वजांच्या जबड्यात होती असे म्हणतात, तर ती सरकत असताना मधल्या पिढ्यांनी घास चावला कसा, हा पहिला भाग. वानर आणि माणूस यांच्या मधला दुवा खरोखर सापडला आहे की चार तुकड्यांवरून चित्र रंगवले आहे, हा दुसरा. पहिली शंका मला विशेष मोलाची वाटते, कारण कोणताही प्राणी अर्धवट अवस्थेत जगू शकत नाही हे तिच्यामागचे गृहीत अगदी बरोबर आहे.

कानाच्या भोकाच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंड उघडून मिटून पाहावे. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा, आणि तेथून अगदी थोड्या अंतरावर आत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही मधल्या कानातली तीन हाडे आहेत. सरड्याच्या मधल्या कानात असे एकच हाड असते. मात्र त्याचा खालचा जबडा अनेक हाडांचा बनलेला असतो आणि त्याचा सांधा आर्टिक्युलर व क्वाड्रेट या दोन हाडांमध्ये असतो. आपला खालचा जबडा मात्र दात धरणाऱ्या एकाच हाडाचा असतो. सरड्याच्या सांध्यातली ती दोन हाडे म्हणजेच आपली हातोडी आणि ऐरण, हे रायशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1837 मध्ये भ्रूणांच्या अभ्यासावरून मांडले होते, म्हणजे डार्विनचा ग्रंथ येण्याच्या बावीस वर्षे आधी. (आपले पूर्वज सरडे होते असा याचा अर्थ नाही, सस्तनांकडे येणारी सिनॅप्सिड ही शाखा फार पूर्वीच वेगळी झाली होती, पण जबड्याची जुनी रचना दोन्ही शाखांत होती.)

भ्रूणावरून काढलेला हा निष्कर्ष खरा असेल, तर खडकांत दोन्ही सांधे एकाच वेळी वापरणारा प्राणी मिळायला हवा होता, आणि तो मिळाला. मॉर्गानुकोडॉन हा सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा चिचुंद्रीएवढा प्राणी. वेल्समध्ये चुनखडीच्या भेगांत भरलेल्या मातीतून त्याचे दात आणि जबडे मोठ्या संख्येने मिळाले आहेत. त्याच्या जबड्यात आतल्या बाजूला जुना सांधा शाबूत आहे आणि त्याला लागूनच बाहेरच्या बाजूला दात धरणारे हाड थेट कवटीला टेकून नवा सांधा तयार झाला आहे. चावण्याचा भार नव्या सांध्याने पेलला, त्यामुळे जुन्या सांध्याची हाडे लहान होत गेली तरी प्राण्याचे काही अडले नाही, आणि हाड जितके हलके तितके ते ध्वनीची बारीक कंपने अधिक चांगली वाहून नेते. त्याआधीच्या थ्रिनॅक्सोडॉनसारख्या सायनोडॉन्ट (सिनॅप्सिड शाखेतल्या, सस्तनांच्या जवळच्या गटातल्या) प्राण्यांत दात धरणारे हाड मोठे होत चाललेले आणि मागची हाडे आक्रसत चाललेली दिसतात. चीनमधून 2007 मध्ये वर्णन झालेल्या, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या यानोकोनोडॉनमध्ये कानाची हाडे आकाराने जवळजवळ आपल्यासारखी झाली आहेत, तरी हाडासारख्या कठीण झालेल्या एका कूर्चेने ती अजून जबड्याला जोडलेली आहेत. ओपोसम या अमेरिकेतील पिशवीधारी सस्तन प्राण्याच्या नवजात पिल्लात आजही हा जोड असतो आणि पिल्लू वाढताना तो तुटतो.

म्हणून ‘मधला’ या शब्दाचा अर्थ नीट लावणे आवश्यक आहे. मॉर्गानुकोडॉन हा अर्धा बनलेला प्राणी नव्हता. तो आपल्या काळात पूर्ण होता, व्यवस्थित चावत होता आणि ऐकत होता. मधली होती ती त्याच्यातली जुन्या आणि नव्या वैशिष्ट्यांची सरमिसळ.

माणसाकडे याच दृष्टीने पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक तज्ज्ञांना वाटत असे की आधी मेंदू मोठा झाला असणार. इंग्लंडमध्ये 1912 मध्ये जाहीर झालेली पिल्टडाउनची कवटी या अपेक्षेत चपखल बसली. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा दात घासून जोडल्याचे पुढे उघड झाले, पण त्याला 1953 साल उजाडले. दरम्यान दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे मिळालेली एका बालकाची कवटी शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातला मेंदू वानराएवढाच होता, मात्र मेरुरज्जूचे छिद्र कवटीच्या तळाशी पुढे सरकलेले होते, म्हणजे डोके ताठ कण्यावर तोललेले होते. ही कवटी मान्य व्हायला बराच काळ गेला, याची मला आजही खंत वाटते.

पुढचा पुरावा गुडघ्याचा आहे. पाय जुळवून उभे राहिले की आपले गुडघे एकमेकांना भिडतात, कारण मांडीचे हाड कमरेपासून आत तिरपे उतरते आणि त्यामुळे एका पायावर भार असताना तोल जात नाही. चिंपांझीचे मांडीचे हाड असे तिरपे नसते, म्हणून दोन पायांवर चालताना तो डोलतो. इथिओपियातील हदार येथे 1973 मध्ये सुमारे 34 लाख वर्षांपूर्वीचा गुडघ्याचा सांधा मिळाला, आणि त्यात हा तिरपेपणा स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी तेथेच ‘ल्युसी’ असे नाव दिलेल्या एका मादीचा सुमारे 40 टक्के सांगाडा मिळाला: 32 लाख वर्षे जुना, उंची जेमतेम साडेतीन फूट, कंबर आणि मांड्या चालणाऱ्याच्या, हात लांब, बोटे वाकलेली. तिच्या जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या जवळपास एक तृतीयांश होता. टांझानियातील लाएटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला 1978 मध्ये ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटून घट्ट झालेली पावले मिळाली. ती सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीची असून त्यांत टाच खोल रुतलेली आहे आणि अंगठा इतर बोटांच्या ओळीत आहे. अशा राखेतल्या स्फटिकांमध्ये किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून ठरावीक गतीने साठत गेलेला आर्गॉन वायू मोजून थराचे वय ठरते. हाडाचा आकार पाहून ते ठरवले जात नाही.

ल्युसी आपली थेट पूर्वज होती की शेजारच्या फांदीवरची, यावर वाद होऊ शकतो आणि तो होतोही. मात्र चालणे आधी आले आणि मोठा मेंदू कितीतरी नंतर आला, हा क्रम त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.