ब्रिटनच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला एकमेव लढाऊ वैमानिक कोण? एकच का? आणि पुढे त्याचं काय झालं?

त्याचं नाव जेम्स ब्रिंडली निकोल्सन. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दलाशी इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या जवळपास तीन हजार वैमानिक आणि साथीदारांपैकी याच एकाला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. नुसत्या त्या लढाईचं काय, रॉयल एअर फोर्सच्या फायटर कमांडला, म्हणजे लढाऊ विमानांच्या विभागाला, सबंध दुसऱ्या महायुद्धात मिळालेला हा एवढा एकच. पण त्याच्याबद्दल जिथे जिथे लिहिलेलं असतं तिथे गोष्ट 1940 ला थांबते. पुढची पाच वर्षं दोन ओळींत उरकतात, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं त्याने आपल्या बंगाल-आसामच्या बाजूला काढली. म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटला.

आधी ती दुपार. 16 ऑगस्ट 1940. निकोल्सन 23 वर्षांचा, 249 स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट. स्क्वाड्रन दोनच दिवसांपूर्वी बॉस्कम डाउनच्या विमानतळावर आलेलं. साउथॅम्प्टनवर तीन हरिकेन विमानांची छोटी तुकडी घेऊन तो गस्त घालत होता. शत्रूवर गोळी झाडायची वेळ त्याच्यावर तोपर्यंत आलेली नव्हती. मागून, वरून हल्ला झाला आणि काही सेकंदांत तोफेचे चार गोळे त्याच्या विमानात घुसले. दोन त्याला लागले, एक डोळ्यापाशी आणि एक पायाला. आणखी एकाने पेट्रोलची टाकी पेटवली.

ही टाकी कुठे असते ते कळल्याशिवाय पुढचं नीट समजत नाही. हरिकेनमध्ये पेट्रोलच्या दोन टाक्या पंखांत आणि तिसरी, राखीव, वैमानिकाच्या अगदी पुढ्यात. मीटरच्या पाटीमागे, गुडघ्यांच्या समोर. 28 गॅलन, म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर पेट्रोल. आपल्या साध्या मोटारीच्या तीन टाक्या भरतील एवढं. पंखांतल्या टाक्यांना रबरी आवरण होतं, गोळी लागली तरी भोक आपोआप बुजावं म्हणून. पुढच्या टाकीला ते सुरुवातीला नव्हतं. ती पेटली की जाळ सरळ माणसाच्या तोंडावर आणि हातांवर येई. त्या उन्हाळ्यात किती तरी पोरांचे चेहरे आणि हात या एका टाकीने नेले. पुढे तिलाही आवरण घालायला सुरुवात झाली.

निकोल्सनने पट्टे सोडले होते, उडी मारायच्या बेतात तो उठलाही होता. तेवढ्यात त्याला समोर दोन इंजिनांचं एक जर्मन मेसरश्मिट दिसलं. तो परत खाली बसला. जळत्या खुर्चीत. हातांची कातडी डोळ्यांदेखत सोलवटत असताना त्याने नेम धरला आणि आठही मशीनगन चालवत राहिला. मग उडी. पदकाच्या प्रशस्तिपत्रात ते विमान त्याने पाडलं अशी नोंद आहे, आणि हात, चेहरा, मान, पाय गंभीर भाजले अशीही.

हवाई छत्रीने खाली येताना जमिनीवरून त्याच्यावरच गोळीबार झाला. शत्रूचा वैमानिक उतरतोय असं समजून आपल्याच माणसांनी बंदुका चालवल्या आणि छर्रे त्याच्या अंगात गेले. त्याच्याच तुकडीतला मार्टिन किंग नावाचा कोवळा वैमानिकही छत्रीने उतरत होता. त्याची छत्री हवेतच मिटली आणि तो गेला. निकोल्सनची गोष्ट सांगताना किंगचं नाव गाळू नये असं मला मनापासून वाटतं. दुपार तीच, आकाश तेच होतं.

आता एकच का. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य धैर्यासाठी असतो आणि त्याला सहसा साक्षीदार लागतात. लढाऊ विमानात माणूस एकटा. झुंज काही सेकंदांची, त्यात जो तो आपला जीव आणि आपलं लक्ष्य बघण्यात गुंतलेला. शेजारच्याने काय केलं हे कोण पाहणार? ज्यांनी पाहिलं असतं त्यातले पुष्कळ संध्याकाळी परतलेच नाहीत. त्या लढाईत पाचशेच्या वर वैमानिक आणि त्यांचे साथीदार मेले. बॉम्बर विमानात सात-आठ जण असत, तासन्‌तास चाललेलं संकट ते एकत्र भोगत, आणि वाचलेला परतून सांगू शकत असे. लढाऊ वैमानिकांचं मोजमाप बहुतेक पाडलेल्या विमानांच्या आकड्यावर व्हायचं आणि त्यासाठी दुसरी पदकं होती. निकोल्सनकडे असा आकडा नव्हता, विमान एकच. त्याच्याकडे होता एक निर्णय, भर दुपारी, शहरावर, माना वर करून बघणाऱ्या लोकांदेखत घेतलेला. माझ्या मते फरक पडला तो इथे. बाकीचे कमी शूर होते असा याचा अर्थ काढू नये. तो स्वतःही तसं मानत नसे. पदकाची फीत गणवेशावर लावायलाच तो आधी राजी नव्हता म्हणतात.

पदक 15 नोव्हेंबर 1940 ला जाहीर झालं. तेव्हा तो अजून उपचार घेत होता. सुरुवातीला डॉक्टरांना तो जगेल याचीही खात्री नव्हती आणि घरी बायकोचे दिवस भरत आले होते.

अशा माणसाला उरलेलं युद्ध खुर्चीत बसून काढता आलं असतं. लोकांना भाषणं द्यायची, नव्या पोरांना शिकवायचं, कुणी बोट ठेवलं नसतं. 1942 मध्ये तो हिंदुस्थानात आला. आधी कलकत्त्यात अलीपूरला कचेरीचं काम. मग ऑगस्ट 1943 पासून वर्षभर 27 स्क्वाड्रनचा प्रमुख. ब्यूफायटर आणि मॉस्किटो विमानं घेऊन ब्रह्मदेशात आत घुसायचं, झाडांच्या शेंड्यांवरून उडत जपान्यांच्या आगगाड्या, लॉऱ्या, नदीतल्या होड्या टिपायच्या. नाव होणारं हे काम नव्हे. पण इंफाळ-कोहिमाच्या वेढ्यात जपानी फौजेला शेवटी उपासमार घडली ती रसद तुटल्यामुळे, आणि रसद तोडणाऱ्यांत हे वैमानिक होते. त्याच सुमाराला इंफाळहून हरिकेन उडवणाऱ्या भारतीय स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग होते, पुढे आपल्या हवाई दलाचे मार्शल झालेले. निकोल्सनला या कामगिरीसाठी 1944 मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. माझ्या लेखी हे पदक पहिल्याइतकंच मोठं आहे. एकदा जळालेला माणूस रोज सकाळी पुन्हा पेट्रोलच्या टाक्यांमध्ये जाऊन बसत होता.

नंतर तो विंग कमांडर झाला, पुन्हा मुख्यालयात. 2 मे 1945. युरोपातलं युद्ध संपायला आठवडाही उरला नव्हता, रंगून पडायच्या बेतात. मेदिनीपूरजवळच्या सालबनी विमानतळावरून 355 स्क्वाड्रनचं एक लिबरेटर बॉम्बर निघालं, त्यात निकोल्सन निरीक्षक म्हणून बसला. वाटेत इंजिनाला आग लागली. कलकत्त्याच्या दक्षिणेला सुमारे 130 मैलांवर विमान समुद्रात कोसळलं. दोघे वाचले, निकोल्सन सापडला नाही. 28 वर्षांचा होता.

इथे माझ्या वडिलांचा संबंध येतो. ते आपल्या हवाई दलाच्या 6 स्क्वाड्रनमध्ये, पुण्याला लोहगावला, इंजिन फिटर होते. या स्क्वाड्रनकडे लिबरेटरच होती. युद्धानंतर इंग्रज-अमेरिकनांनी कानपूरला मोडीत टाकलेली विमानं आपल्या लोकांनी दुरुस्त करून उडवली, ती 1968 पर्यंत उडत राहिली. त्यातलं एक 1974 मध्ये भारताने ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं. मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा हेंडनच्या त्या संग्रहालयात मी ते पाहून आलो. बाबांनी बजावलं होतं, पोटाखालचे दरवाजे बघ. लिबरेटरचे बॉम्बकप्प्याचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे बाजूने गुंडाळत वर जातात. हलके, पातळ पत्र्याचे. आत मधोमध वीतभर रुंदीची पट्टी, पुढून मागे जायला तेवढीच वाट. बाबा म्हणायचे, हे विमान पाण्यावर उतरवायची वेळ येऊ नये. पाण्याचा पहिला फटका त्या दरवाज्यांना बसतो, ते आत दबतात आणि विमान तिथेच दुभंगतं. वर कप्प्यात पेट्रोलचा वास कायम कोंडलेला, इतका की उडताना दरवाजे जरासे किलकिले ठेवत.

मी त्या दरवाज्यांच्या फळ्या अगदी जवळून पाहिल्या. बोटाने दाबलं तर पोचा पडेल असं वाटण्याइतका पत्रा.

निकोल्सनचा व्हिक्टोरिया क्रॉस याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे. त्याच्या पत्नीने, म्युरिएलने, तो 1983 मध्ये लिलावात विकला. युद्धविधवेच्या पेन्शनवर भागत नव्हतं. संग्रहालयाने 1,10,000 पौंड मोजून तो घेतला. थडगं नाही. सिंगापूरला क्रांजीच्या युद्धस्मारकावर, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा हजारो जणांच्या नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे.

परत आल्यावर बाबांना फोटो दाखवले आणि निकोल्सनचं सांगितलं. त्यांनी दरवाज्यांचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "किती वाचले म्हणालास?" मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, "दोन म्हणजे पुष्कळ झाले रे."