रिपब्लिकन म्हणजे गर्भपाताच्या विरोधात, डेमोक्रॅट म्हणजे बाजूने, असं धरून चालायचं का?

नाही चालणार. मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात राहते, तेव्हा इथलंच सांगते.

अमेरिकेत देशभर गर्भपाताचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, आणि २ ऑगस्ट २०२२ला इथे मतदान झालं. प्रश्न असा: कॅन्ससच्या स्वतःच्या राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून टाकायचं का? 'हो' म्हणजे काढा, 'नाही' म्हणजे राहू द्या. (मला मताचा अधिकार नाही, तरी उलगडा व्हायला मजकूर तीनदा वाचावा लागला.) दोनच वर्षांपूर्वी ट्रम्पना ५६ टक्के मतं देणारं हे राज्य. निकाल लागला तेव्हा 'नाही'ला ५९ टक्के!

आमच्या समोर सत्तरीच्या एक बाई राहतात. रविवारचं चर्च चुकत नाही, जन्मभर रिपब्लिकन. अंगणात कुठलीच पाटी लावली नव्हती, चर्चमधली मंडळी बघतील म्हणून. टपालपेटीपाशी भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझ्या नातीनं असं कधी करू नये असंच मला वाटतं. पण ती डॉक्टरकडे गेली असताना टोपेकातल्या आमदारांचं तिथे काय काम?" (टोपेका म्हणजे कॅन्ससची राजधानी.) आता यांना कुठल्या खान्यात घालणार? 'नाही'वाल्यांच्या प्रचाराला हे बरोबर कळलं होतं. त्यांच्या एका टीव्ही जाहिरातीत भर होता तो सरकारी सक्तीवर, म्हणजे रिपब्लिकनांचीच भाषा.

शिवाय हे शिक्के फार जुने नाहीत. १९६७मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रेगन यांनी, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले त्यांनीच. १९७३चा रो निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. त्या सातांतले पाच न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते, आणि विरोधातल्या दोघांपैकी बायरन व्हाइट डेमोक्रॅट अध्यक्ष केनेडींनी नेमलेले.

आपल्याकडे तर हे शिक्के बसतच नाहीत. मी मूळची बीडची. २०११च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ला कायदा झाला, देशात पहिला. त्यासाठी झगडणाऱ्या स्त्री कार्यकर्त्या सुरक्षित गर्भपाताच्या हक्काच्याही बाजूच्याच. म्हणून तर त्यांच्यातल्या अनेकींना 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द खटकतो. एकदा 'हत्या' म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो; त्या 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. सरकारी भिंतींवर मात्र 'हत्या'च रंगवलेली असते.

कॅन्ससच्या शेजारच्या मिझुरीत नोव्हेंबर २०२४ला त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, ट्रम्पना जिंकवलं आणि गर्भपाताचा हक्कही आपल्या राज्याच्या घटनेत घातला. आमच्या समोरच्या बाईंनीही त्या वेळी पुन्हा रिपब्लिकनलाच मत दिलं, हेही सांगून टाकते.