आंब्यावरचा नेचा आणि त्याची दोन प्रकारची पाने

प्रश्न : नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरीच्या अलीकडे एका जुन्या आंब्यावर नेचा वाढलेला आहे. त्याची काही पाने हिरवी, हातभर लांब व खोलवर चिरलेली आहेत. काही मात्र वीतभर, तपकिरी, कोरडी आणि फांदीला चिकटलेली आहेत. ही दोन झाडे आहेत का? जात कोणती, आणि आंब्याला अपाय होईल का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे ‘बाशिंग’, म्हणजे ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया असावे. झाड एकच आहे. तपकिरी पाने रोगाने वाळलेली नाहीत. ती लवकरच हिरवेपणा गमावतात, पण गळून न पडता परडीसारखी फांदीला धरून राहतात, आणि त्यांत साचलेल्या पालापाचोळ्यातून व धुळीतून नेच्याची मुळे पाणी आणि अन्नद्रव्ये घेतात. बांडगुळाप्रमाणे त्याची मुळे आंब्याच्या सालीत शिरून रस शोषत नाहीत, त्यामुळे ती पाने साफसफाई म्हणून कुणी काढू नयेत अशी कळकळीची विनंती आहे.

तरीही केवळ पानांच्या आकारावर जात निश्चित करू नये. नेच्याला फूल येत नाही. म्हणून ओळखीचा खरा आधार हिरव्या पानाच्या खालच्या बाजूला असतो, जिथे बीजाणू तयार करणाऱ्या पिशव्यांचे तपकिरी ठिपके, म्हणजे पुंज, दिसतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भिंगातून पाहावे. बाशिंगाचे पुंज बारीक व गोल असतात, त्यांच्यावर झाकणासारखा पापुद्रा नसतो, आणि पानाच्या प्रत्येक खंडात लगतच्या दोन उपशिरांच्या मधल्या जागेत त्यांच्या दोन रांगा असतात. ड्रायनेरिया प्रोपिंक्वा या हिमालयातील जातीत मात्र खंडाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पुंजांची एकेकच रांग असते. फांदीवर सरपटणारे जाड, मांसल खोड आणि त्यावरचे दाट तपकिरी खवले यांचेही छायाचित्र घ्यावे. उन्हाळ्यात हिरव्या पानांचे खंड गळून नुसते देठ उरतात. त्या दिवसांत झाड मेले असा गैरसमज सहज होतो.

वर्गीकरणात हा नेचा पॉलिपोडिएसी कुलात येतो. लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये त्याला पॉलिपोडियम प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवले होते. पुढे तो ड्रायनेरियात आला. डीएनएच्या अभ्यासातून अ‍ॅग्लाओमॉर्फा प्रजातीच्या जाती ड्रायनेरियाच्याच शाखांत गुंतलेल्या आढळल्याने काही अभ्यासक दोन्ही प्रजाती एकत्र करतात, आणि अ‍ॅग्लाओमॉर्फा हे नाव आधी प्रसिद्ध झालेले असल्यामुळे तेच वापरतात. एखाद्या सूचीत अ‍ॅग्लाओमॉर्फा क्वेर्सिफोलिया असे दिसल्यास ती वेगळी जात समजू नये. विद्यार्थ्यांच्या वहीत दोन्ही नावे लिहून घ्यावीत. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने तिथून नमुना तोडून आणण्याऐवजी छायाचित्रांवरच अभ्यास करावा.