खाण कंपनीचं चार पानी उत्तर आलंय, खाली सही करायची का?

ताई, पत्र आणि फोटो दोन्ही नीट बघितले. इतरांसाठी थोडक्यात सांगते. लांजा तालुक्यात यांच्या वाडीच्या वर काळ्या दगडाची खाण येऊ घातलीय, एक अर्ज ४.९ हेक्टरचा आणि लागूनच्या गटात दुसरा ४.७ चा, दोन्ही एकाच कंपनीच्या माणसांचे. गावानं पाणी, धूळ, सुरुंग याबद्दल विचारलं तर कंपनीनं चार पानी उत्तर पाठवलं की पाणी मारू, झाडं लावू, ब्लास्टिंग कंट्रोल्ड असेल, झऱ्याला धक्का नाही. शेवटी ओळ "आमच्या शंकांचं समाधान झालं आहे" आणि खाली सह्यांच्या रेघा.

सही करू नका. ते पत्र कायद्यानं कंपनीला कशालाच बांधत नाही पण तुमची सही मात्र उद्या तुमच्याच विरोधात फाइलला लागेल. घेतल्याची पोच द्यायची तर फक्त "मिळाले, मजकूर मान्य नाही" आणि तारीख.

आता ते दोन आकडे. ५ हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागतेच, सुप्रीम कोर्टानं २०१२ साली दीपक कुमार केसमध्ये ते स्पष्ट केलंय, पण इतक्या छोट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही आणि म्हणून तुकडे पाडून अर्ज करायची पद्धत पडलीय. त्यावर उत्तर आहे क्लस्टरचं. एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन खाणींच्या हद्दींत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर क्षेत्र एकत्र धरायचं. तुमच्याकडे तर हद्दीला हद्द लागलीय, म्हणजे ९.६ हेक्टर, म्हणजे ईआयए रिपोर्ट (पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) आणि जनसुनावणी दोन्ही आलं. अर्जासोबत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याचा ५०० मीटरचा दाखला जोडावा लागतो, आरटीआय टाकून (१० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर) आधी तो मागवा आणि त्यात शेजारचा गट दाखवलाय का ते बघा. नसेल तर दोन्ही सातबारे आणि गटाचा नकाशा जोडून राज्याच्या पर्यावरण आघात प्राधिकरणाला लेखी कळवा, परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर प्रस्ताव नंबरही मिळतो.

एक गोष्ट त्याच्याही आधी बघा. पश्चिम घाट इको-सेन्सिटिव्ह एरियाच्या (पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक भागाच्या) मसुद्यात (शेवटचा ३१ जुलै २०२४ चा) गावांची यादी आहे. तुमचं गाव त्यात असेल तर नव्या खाणीला १३ नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या आदेशापासूनच बंदी आहे आणि मग बाकीची लढाई खूप सोपी होते.

मला खरी काळजी पाण्याची वाटते. पत्रात लिहिलंय "क्षेत्रात कोणताही वाहता झरा आढळला नाही". पाहणी कधी केली? ईआयएचा अभ्यास एकाच हंगामाचा असतो आणि तो पावसाळा सोडून, आणि आपल्याकडे सडा (वरचं कातळाचं पठार) चार महिने पाणी पितो आणि खालच्या वाडीला सोडतो, मे महिन्यात वर उभं राहिलं तर कोरडा कातळच दिसणार! तुमची नळपाण्याची योजना त्याच झऱ्यावर आहे, म्हणून आजपासून पुरावा तुम्ही तयार करा. दर पंधरा दिवसांनी एकच कळशी भरायला किती वेळ लागतो ते, विहिरीची पातळी, तारखेसकट फोटो, वहीवर सरपंच किंवा ग्रामसेवकाची सही. आंब्याच्या कलमांचंही तसंच, मोहोर धरायच्या दिवसांत धुळीचं काय करणार हे त्या चार पानांत कुठेच नाही, ते सुनावणीत विचारा.

आणि "खड्ड्यात पावसाचं पाणी साठवून जलसंधारण करू" ही ओळ वाचून मला जुलै २०२१ मधलं दोडामार्ग तालुक्यातलं कळणे गाव आठवलं, तिथे खाणीत साठलेलं पाणी कडा फोडून मातीसकट गावात आणि शेतात शिरलं होतं. खड्ड्याचा उतार कुठे, जादा पाणी कुठल्या व्हाळाला (ओढ्याला) सोडणार, हे नकाशावर दाखवायला सांगा.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात द्यावी लागते, रिपोर्टचा सारांश मराठीत मिळायला हवा, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. कोरम नसतो, म्हणजे गाव गेलं नाही तरी सुनावणी झाली असं धरतात, तेव्हा बहिष्कार टाकू नका. तिथे कंपनीचं हेच पत्र पुढे ठेवा आणि म्हणा की यातलं एकेक आश्वासन मंजुरीच्या अटींत घाला, कारण अट मोडली तर कारवाई होते आणि दर सहा महिन्यांनी त्यांना पालन अहवाल द्यावा लागतो. ब्लास्टिंग होणार असेल तर घरांपासून किमान २०० मीटर अंतर ठेवावं असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये सुचवलंय, तुमच्या शेवटच्या घरापासून टेपनं मोजून ठेवा.

एवढं करूनही मंजुरी निघाली तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील, मुदत फक्त ३० दिवस, सबळ कारण असेल तर अजून ६०, त्यानंतर काहीही होत नाही. म्हणून परिवेश आणि स्थानिक पेपर कुणीतरी एकानं रोज बघायचं ठरवून घ्या.

राहिला खाणीकडे जायचा रस्ता. तो तुमच्या सामायिक जमिनीतून मागतायत आणि सातबाऱ्यावर मुंबईतल्या दोन्ही भावांची नावं आहेत, त्यांना आजच फोन करा, कुणी स्टँप पेपर घेऊन दारात आलं तर मला पाठवल्याशिवाय सही करायची नाही.