इंदूरहून महेश्वर आणि पुढे नर्मदाकाठानं एकट्यानं धावत जायचं, तर रोज किती अंतर धरावं?

वाटेतल्या जाम दरवाजाच्या घाटानं (जाम घाट) उतरून आठ-दहा दिवसांचा बेत असेल तर पहिले तीन दिवस 25 किलोमीटर, मग पाय बघून 30-35. एवढ्यावरच थांबलो असतो. पण तुम्ही खाली लिहिलंय, ‘मध्ये चालावं लागू नये म्हणून काय करू?’ तिथं माझं डोकं फिरलं.

चालणं पहिल्या किलोमीटरपासून ठरवूनच चालायचं. आठ मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, तेही पाय ताजे असताना. खाणं, पाणी, नकाशा त्याच दोन मिनिटांत उरकतो. दमल्यावर चालायला लागलात तर ती विश्रांती नव्हे, फरफट. आमच्या सकाळच्या ग्रुपात एक काका आहेत, ‘चाललास म्हणजे धावला नाहीस’ म्हणणारे. रविवारी शर्यत आणि सोमवारी सुट्टी असेल तर त्यांचं खरं. तुम्हाला सोमवारीही धावायचंय.

जाम घाट तर उतरताना चालाच. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. ते दुखणं त्या दिवशी कळत नाही, एक-दोन दिवसांनी जिना उतरताना कळतं. धावायचंच तर पावलं आखूड ठेवा, टाचेनं ब्रेक मारू नका.

आता फोड. एकट्याचा प्रवास अनेकदा गुडघ्यानं नाही, पायाच्या फोडानं संपतो. टाचेमागे बुटाची कड लागते तिथं नाण्याएवढी जागा आधी नुसती गरम लागते. त्याच क्षणी थांबा, पुढच्या गावाची वाट बघू नका. मोजा काढून झटका, पाय पुसा, दोन मिनिटं वाऱ्यावर धरा. ओल्या किंवा व्हॅसलीन लावलेल्या कातडीवर पट्टी टिकत नाही. औषधाच्या दुकानात मिळते त्या कागदी चिकटपट्टीचे कोपरे कात्रीनं गोल करा (चौकोनी कोपरा मोज्यात गुंडाळला जातो आणि तोच नवा फोड करतो), सुरकुती न पडू देता एकच थर लावा. नाडी बुटाच्या शेवटच्या, घोट्याजवळच्या भोकातून ओवून टाच मागे घट्ट बसवा. पाणी भरलंच असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं खालच्या कडेला दोन भोकं पाडा, दाबून पाणी काढा, वरची कातडी मात्र सोलू नका. रात्री पट्टी ओढून काढलीत तर ती कातडी पट्टीबरोबरच येते, म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवा. आत रक्त किंवा पू दिसला तर सुई बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. आणि सुती मोजे घरीच राहू द्या.

पाण्याचं गणित घरीच करा. तासभर धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा, एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट होते, डोकं जड होतं, मळमळतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या लिटरमध्ये ओतलं की पोट बिघडतं. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळी धावताना नको, घामानं आटलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर येते.

खाण्याला तासाला 40-60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. निघताना पोहे खुशाल खा, वरची सेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरवायचा इंदुरी मसाला) संध्याकाळसाठी ठेवा. (इंदूरकर मला यासाठी माफ करणार नाहीत.)

पाठीवर पाण्यासकट चार-साडेचार किलो, त्याहून जास्त नाही. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरची वाहनं दिसतील असं धावा, पण घाटात उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणाआधी डावीकडे या. घाटाखालचा निमाड (महेश्वरचा भाग) वरच्या माळव्यापेक्षा (इंदूरचा भाग) जास्त तापतो, म्हणून डिसेंबर-जानेवारी. उजाडताच निघा आणि अकरापर्यंत मोठा टप्पा संपवा.

मुक्कामाला काठावर आश्रम आहेत, पण ती जागा आणि सदावर्त (फुकट जेवण-शिधा) नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांसाठी असतं. गर्दी असेल तर पैसे देऊन लॉज घ्या.

आणि हो, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर वरचं ओआरएस आणि खजुराचं सगळं डॉक्टरांना विचारूनच.