बिनमातीची रोपं मागवताय? आधी आपला मे महिना बघा

या वेळच्या बऱ्याच प्रश्नांचा रोख एकच आहे. थंडीत कुरिअरने येणारी, मुळ्या उघड्या असलेली, मातीची पिशवी नसलेली फळझाडं आपल्याकडे घ्यावीत का, घेतली तर कोणती आणि कशी. म्हणून या महिन्यात कीड-रोगाचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : राम राम भाऊ. मोबाईलवर हिमाचलच्या नर्सरीचे व्हिडिओ बघून पोराने सफरचंदाची रोपं मागवायचं ठरवलंय. नुसत्या मुळ्यांची येतात म्हणे, जानेवारी-फेब्रुवारीत लावायची. आमची तापीकाठची काळी जमीन, आजूबाजूला सगळी केळी. सफरचंद येईल का पैसे पाण्यात? (एक वाचक, चोपडा)

राम राम. ती रोपं मातीशिवाय का येतात ते आधी बघू, अर्धं उत्तर तिथेच आहे. सफरचंद, नाशपाती, पीच, आलुबुखारा ही थंडीत पानं गाळणारी झाडं. डिसेंबर-जानेवारीत ती पूर्ण झोपेत असतात, त्या वेळी उपटली, माती झटकली, मुळ्या ओल्या शेवाळात गुंडाळल्या आणि चार राज्यं ओलांडून पाठवली तरी त्यांना पत्ता लागत नाही. आपण केळीचा कंद माती झटकून, मुळ्या तासून ट्रॉलीत भरतोच ना, तसलंच हे, फक्त कंदाकडे स्वतःची शिदोरी भरपूर असते आणि या काडीकडे अगदी थोडी, त्यामुळे डोळे (पालवीचे कोंब) फुटायच्या आत तिला जमीन मिळावी लागते.

आता थंडीचं. नेहमीच्या लाल डेलिशियस सफरचंदाला हिवाळ्यात साधारण ७ अंशाच्या खाली ८०० ते १२०० तास लागतात. चोपड्यात पारा कधीमधी ८-९ वर उतरतो पण तो पहाटेचे चार-दोन तास, सूर्य वर आला की स्वेटर काढावा लागतो. तेवढ्या थंडीत डेलिशियसची झोपच पुरी होत नाही, मग डोळे धड फुटत नाहीत, फूल नाही, काडी वर्षानुवर्षं तशीच उभी. म्हणून व्हिडिओत लाल भडक फळ दाखवून कोणी 'सगळीकडे चालते' म्हणत असेल तर जात विचारा, आणि जात सांगता येत नसेल तर फोन ठेवून द्या.

कमी थंडीच्या जाती मात्र खऱ्या आहेत, ती काही अफवा नाही. एचआरएमएन-९९ ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी तयार केली, तिथे उन्हाळा चांगला तापतो, आणि त्या कामाबद्दल त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. दुसरी अ‍ॅना, ही इस्रायलची, आणि तिच्या सोबतीला डॉर्सेट गोल्डन, ती बहामा बेटांवरची. अ‍ॅना एकटी लावू नका, परागीकरणासाठी शेजारी डॉर्सेट गोल्डन लागते. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी या जाती लावून फळ काढलंय. पण फळ जूनच्या आसपास, ऐन उन्हात पिकतं, त्याला काश्मीरसारखा लाल रंग चढत नाही कारण रंगाला थंड रात्री लागतात, आणि बाजारात गिऱ्हाईक रंग बघतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला हिमाचलमध्ये पुढे दोन-तीन महिने गारवा मिळतो, नव्या मुळ्या सुटायला वेळ मिळतो. आपल्याकडे होळी झाली की ऊन चटके द्यायला लागतं आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पारा ४२-४३ ला टेकलेला असतो, भुसावळकडे तर त्याच्याही पुढे. मुळ्या अजून बसलेल्या नाहीत आणि पानं पाणी मागतायत, या भांडणात रोप जातं. लोक म्हणतात थंडी नव्हती म्हणून मेलं. मेलेलं असतं उन्हाने.

तर माझं मत सांगतो. पोराला नाही म्हणू नका. विहिरीजवळ, दुपारनंतर सावली येते अशा जागी चार-सहा झाडं लावू द्या, हौस म्हणून. काळ्या जमिनीत थेट खड्डा नको, पाणी साचून मुळ्या सडतात, फूट-दीड फूट उंच गादी करून त्यावर लावा. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय ते खालचं मुळाकडचं झाड, कोणता तेही विचारा. एम-९ वर कलम असेल तर झाड बुटकं, मुळं वरवरची, आधार आणि रोजचं पाणी लागतं, त्यापेक्षा एमएम-१११ खुंट उन्हाला आणि ताणाला बरा. पण केळी मोडून एकरभर सफरचंद? अजिबात नाही.

प्रश्न : पार्सल आलं तर रोप चांगलं का वाईट कसं ओळखायचं? आणि लावायची नेमकी पद्धत सांगा. (वाचक, रावेर)

उंच रोप म्हणजे चांगलं रोप हा गैरसमज आधी काढा. पाच फूट उंच आणि मुळ्यांची दोनच शेपटं असं रोप घेण्यापेक्षा अडीच-तीन फुटाचं, बोटाएवढ्या जाडीचं, एक वर्षाचं आणि खाली बारीक मुळ्यांचा भरगच्च झुपका असलेलं रोप केव्हाही सरस. मूळ मोडून बघा, आतून पांढरट-पिवळसर ओलं पाहिजे, काळं, बुळबुळीत किंवा कुबट वासाचं असेल तर परत पाठवा. मुळ्यांवर किंवा कलमाच्या जोडाखाली गाठी दिसल्या तर ते रोप शेतात नेऊच नका, ती गाठ जिवाणूची असो की सूत्रकृमीची, एकदा मातीत गेली की निघत नाही. खोडावर नखाने थोडं खरवडा, खाली हिरवं दिसलं म्हणजे जिवंत. आणि डोळे बंद पाहिजेत, पार्सलमध्येच पालवी फुटून आलेलं रोप म्हणजे शिदोरी रस्त्यातच खाऊन आलेलं.

पार्सल उघडल्यावर मुळ्या उन्हात किंवा वाऱ्यात पाच मिनिटंही ठेवू नका. बादलीभर पाण्यात दोन-चार तास भिजू द्या, रात्रभर नको, दिवसच्या दिवस तर नकोच. त्याच दिवशी लावणं जमत नसेल तर सावलीत ओल्या वाळूत मुळ्या पुऱ्या झाकून ठेवा. मोडलेल्या मुळ्या तेवढ्या कात्रीने साफ कापा, बाकी मुळ्या खड्ड्यात मावत नाहीत म्हणून कापायच्या नसतात, खड्डा मोठा करायचा असतो. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या पाण्यात मुळ्या बुडवून लावलं तर चांगलं.

खड्ड्याच्या मध्ये मातीचा छोटा उंचवटा करा, त्यावर रोप बसवून मुळ्या चहूबाजूला पसरवा आणि भुसभुशीत माती टाकत टाकत हाताने दाबा, आत पोकळी राहिली की तिथली मुळी वाळते. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे, हे चुकवू नका. जोड मातीत गेला की वरच्या जातीलाच मुळ्या फुटतात आणि खुंट घेतल्याचा उपयोग संपतो. कच्चं शेणखत मुळ्यांना लागू देऊ नका, रासायनिक खत पहिले दोन महिने नकोच. लावल्यावर शेंडा गुडघ्याच्या वर, साधारण दोन-सव्वादोन फुटावर छाटा. जीव तुटतो छाटताना, माहितीये, पण कमी झालेल्या मुळ्यांना तेवढा मोठा बोजा पेलत नाही.

मग उन्हाची तयारी. खोडाला चुन्याचा पातळ हात, बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचं वीतभर आच्छादन पण खोडाला चिकटून नाही, आणि पश्चिमेकडून पऱ्हाटीचा नाहीतर तुरीच्या काड्यांचा आडोसा. मार्चपासून शेडनेट. पाणी थोडं थोडं आणि नेमाने, चिखल नको.

प्रश्न : दादा, माझी धुळ्यात गच्चीवर बाग आहे. ब्लूबेरी, रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरी तिन्ही लावायचीत, ऑनलाईन सेट मिळतोय. घेऊ का? (एक वाचक भगिनी, देवपूर, धुळे)

ताई, सेट घेऊ नका, तिघींचे स्वभाव तीन आहेत. ब्लूबेरीला आंबट माती लागते, पीएच ४.५ ते ५.५, आणि आपली माती चुनखडीची, बहुतेक ठिकाणी ७.५ च्या वर. बरं, माती विकत आणून कुंडी भरली तरी बोअरचं क्षाराचं पाणी घालून घालून तीही काही महिन्यांत तशीच होते, पानं पिवळी पडतात. पावसाचं साठवलेलं पाणी वर्षभर पुरवायची तयारी असेल तर करा, नाहीतर नाही. रास्पबेरी महाबळेश्वरच्या हवेत ठीक, धुळ्याच्या तापलेल्या स्लॅबवर मे काढणार नाही.

स्ट्रॉबेरी मात्र जरूर लावा. तिची रोपं म्हणजे धावत्या वेलीवरून तोडलेली, बरेचदा मातीशिवायच येतात, पण आपल्याकडे त्यांची वेळ फेब्रुवारी नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पाऊस ओसरला की. डिसेंबरपासून फळ सुरू, मार्चमध्ये ऊन वाढलं की खेळ खलास, ते गृहीतच धरा आणि दरवर्षी नवीन रोप आणा. लावताना मधला गड्डा, जिथून पानं निघतात तो, मातीच्या बरोबरीने ठेवा, पुरला तर सडतो, उघडा राहिला तर वाळतो. विंटर डॉन, स्वीट चार्ली या जाती लवकर फळतात. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे आदिवासी शेतकरी शेतात स्ट्रॉबेरी घेतात, तिथली हवा वेगळी पण त्यामुळे खान्देशात स्ट्रॉबेरी नवलाची राहिली नाही.

आणि बेरीचीच हौस असेल तर तुती आणि फालसा का नाही? तुतीची पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची काडी कुंडीत खोचली तरी लागते. फालसा थंडीत पानं गाळतो, जानेवारीत छाटून घेतला की नव्या फुटीवर फुलं येतात आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बाकी सगळं मान टाकत असताना, फळ हाताशी येतं. याचं रोप मोकळ्या मुळ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत लावलं तरी चालतं. सरबत करून बघा. मोठी कुंडी घ्या, दीड-दोन फुटाची.

प्रश्न : मोसंबीची कलमं विदर्भातून मोकळ्या मुळ्यांची मिळतात, पिशवीतल्यापेक्षा स्वस्त. पण मोसंबी तर पान गाळत नाही, मग तुमचा नियम कुठे गेला? (वाचक, पाचोरा)

बरोबर पकडलंत. वरूड, शेंदूरजनाघाटकडची संत्रा-मोसंबीची कलमं वर्षानुवर्षं अशी मोकळ्या मुळ्यांची विकली जातात. ते जमतं कारण ती पावसाळ्यात, ढगाळ हवेत काढतात, बरीचशी पानं खुडून टाकतात आणि एक-दोन दिवसात जमिनीत जातात. फेब्रुवारीत तोच प्रयोग केला तर काड्या मिळतील.

पण स्वस्ताच्या आधी डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आठवा. उघड्या वाफ्यातल्या रोपाच्या मुळ्यांबरोबर फायटोफ्थोरा बुरशी फुकटात येते, आणि भारी काळ्या जमिनीत तिला माहेर मिळतं. मी तुमच्या जागी असतो तर निर्जंतुक मातीत पिशवीत वाढवलेलं कलम घेतलं असतं, दोन पैसे जास्त देऊन. मोकळं घ्यायचंच ठरलं असेल तर डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून वीतभर तरी वर भरलेला बघा. चुनखडीच्या जमिनीसाठी रंगपूर लाइमचा खुंट मागा, जंबेरीच घ्या असा आग्रह नर्सरीवाल्याने केला तरी. लावल्यावर पाणी दुहेरी आळ्याने, म्हणजे फक्त बाहेरच्या आळ्यात द्या म्हणजे खोड कोरडं राहतं, आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर खोडाला बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

प्रश्न : बाजारात एक जण आंब्याची, चिकूची रोपं उपटून जुडी बांधून विकत होता. घ्यावी का? (वाचक, अमळनेर)

नाही. आंबा-चिकू बारमाही हिरवे, त्यांना झोप नाही. पिशवीतलंच कलम घ्या, ते पण जून-जुलैमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर.

प्रश्न : आमचं वावर मुरमाड, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. मुलगा पुण्यात, मी आणि घरची मंडळी दोघंच. काहीतरी फळझाड लावायचंय जे आमच्या मागे लागणार नाही. (एक ज्येष्ठ वाचक, पारोळा)

आबा, या सगळ्या पत्रांमधला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे, कारण तुम्ही झाडाच्या आधी पाणी सांगितलंत.

तुम्ही बोर लावा. सफरचंद थंडीत झोपतं, बोर उन्हाळ्यात झोपतं. एप्रिल-मेमध्ये पानं गळतात, तेव्हाच छाटणी करायची, पाणी मागत नाही, पावसाळ्यात फुटतं-फुलतं आणि डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीत फळ देऊन मोकळं. तुमची विहीर आटते तोपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. जळगावचं मेहरूण तर घरचंच, थोडी उमराणही ठेवा, फळ मोठं असतं.

पण तयार रोपं आणून लावू नका, बोराचं सोटमूळ हलवलेलं त्याला मानवत नाही. जागेवरच गावठी बोराच्या बिया टोका, एका खड्ड्यात दोन-तीन, आणि पुढच्या पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाडी झाली की त्यावर मेहरूणचा डोळा भरून घ्या. बांधावर आधीच रानबोरी असतील तर त्या कापून येणाऱ्या नव्या फुटीवर डोळे भरा, एक वर्ष वाचतं. डोळे भरणारा माणूस जूनमध्येच सांगून ठेवा, ऐन वेळेला मिळत नाही.

जोडीला सीताफळ, बाळानगर जात, मुरमात छान येतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. दोन फुटी खड्डे आताच उन्हाळ्यात खणून तापू द्या, लागवड पावसात. अंजिराचा मोह होईल पण त्याला फळाच्या वेळी पाणी लागतं आणि पाखरं राखायला माणूस, तो राहू द्या. बांधाला करवंद टोचून घ्या, काट्यांमुळे कुंपणही होतं आणि लोणच्यालाही होतात.

प्रश्न : ऑनलाईन मागवलेल्या रोपांचं अनुदान मिळतं का? (वाचक, साक्री)

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत (२०१८-१९ पासून चालू आहे) अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पैसे झाडं किती जगली त्यावर असतात, पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के जगलेली दाखवावी लागतात. रोपं मान्यताप्राप्त रोपवाटिकेतलीच लागतात, मोबाईलवरच्या कुठल्याही दुकानाची पावती तिथे चालत नाही. म्हणून आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा, मंजुरी घ्या आणि मग रोपं घ्या, उलटं करू नका. अनुदान नसलं तरी नर्सरीचा परवाना नंबर विचाराच, १९६९ च्या कायद्यापासून आपल्या राज्यात फळरोपं विकायला परवाना लागतो, आणि बिलावर नुसतं 'फळझाड' नाही तर जात आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. तीन-चार वर्षांनी फळ भलतंच निघालं तर दाखवायला तेवढाच कागद असतो.