ब्रसेल्सची आंबट बिअर आणि ती शोधण्याची रीत

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त गेल्या वर्षापासून ब्रसेल्समध्ये राहतो आहे. येथील सहकारी ‘लॅम्बिक’ आणि ‘ग्यूझ’ या बिअरविषयी भरभरून बोलतात. सुपरमार्केटमधून आणलेली चेरीची लॅम्बिक मला सरबतासारखी गोड लागली. कांतियों या कारखान्याचे नाव सगळेच घेतात. परंतु त्याच्या बाटल्या दुकानात क्वचितच दिसतात आणि इंटरनेटवर काही जण त्या कितीतरी पट किमतीला विकतात. दुर्मीळ बाटल्या कुठे शोधाव्यात आणि त्या चाखण्याचे मेळावे कधी भरतात?

उत्तर : इंटरनेटवरून चढ्या भावाने बाटली घेऊ नका, हे सर्वांत आधी सांगतो. त्यात पैसे जातात ही एक गोष्ट झाली. पण ती बाटली कुणाच्या कपाटात, किती उन्हात आणि किती हेलकावे खात राहिली हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि या बिअरचे सारे भवितव्य त्याच गोष्टीवर अवलंबून असते. शिवाय तुम्ही ज्या शहरात राहता तेथे हीच बिअर तिच्या पिंपापासून काही पावलांवर बसून, ती बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या किमतीला पिता येते. ज्या बाटलीसाठी लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने येतात, ती तुमच्यापासून ट्रामच्या अंतरावर आहे.

ही बिअर दुर्मीळ का आहे, ते समजून घेतले की ती कुठे आणि केव्हा शोधायची हे आपोआप उमगते. बहुतेक बिअरमध्ये कारखानदार स्वतः निवडलेले यीस्ट घालतो. लॅम्बिकमध्ये कोणी काहीच घालत नाही. माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू सुमारे दोन भाग आणि कच्चा गहू एक भाग असे धान्य शिजवून, त्याच्या काढ्यात मुद्दाम जुने, वास उडालेले हॉप (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घालून तो तासन्तास उकळतात आणि मग माळ्यावरच्या एका उथळ, रुंद तांब्याच्या कुंडात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले, छताच्या लाकडातले, भिंतींतले जीवाणू आणि यीस्ट त्यात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी तो काढा लाकडी पिंपांत भरला की आंबण्याला सुरुवात होते. आपल्याकडे कोकणातली माडी किंवा पालघरची ताडी मडक्यात जशी आपोआप आंबते, तीच ही जात. फरक असा की ताडी संध्याकाळपर्यंत चढते आणि लवकरच आंबट होऊन जाते, तर लॅम्बिक पिंपात एक, दोन, तीन वर्षे शांतपणे बसून राहते. तिला चामड्याचा, ओल्या गवताचा आणि जुन्या तळघराचा वास देणारे यीस्ट ब्रेटॅनोमायसिस या कुळातले आहे आणि त्यातल्या एका जातीचे ‘ब्रक्सेलेन्सिस’ हे नावच या शहरावरून पडले आहे.

काढा रात्रभरात योग्य वेगाने थंड व्हायला हवा, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालते. रात्र उबदार असली की नको ते जीवाणू माजतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये उबेमुळे कांतियोंला हे काम थांबवावे लागले होते. पुढे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून ते बाटलीत भरतात. कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेल्या साखरेवर बाटलीत पुन्हा आंबण होते, फेस तयार होतो आणि या फेसाळ मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. म्हणजे आज मागणी दुप्पट झाली म्हणून उद्या माल दुप्पट करता येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जेवढी पिंपे भरली, तेवढेच जुने लॅम्बिक आज हाताशी असते. ही टंचाई कोणी जाहिरातीसाठी निर्माण केलेली नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. कांतियोंचा कारखाना आंदरलेख्त भागात, मिदी स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. १९०० साली सुरू झालेल्या या कारखान्याला १९७८ पासून संग्रहालयाचेही रूप आहे. तिकीट काढून आपापले हिंडता येते आणि शेवटी चाखायला मिळते. तेथे दोन प्रकारच्या बाटल्या असतात : घरी नेता येणाऱ्या, आणि तेथेच बसून प्यायच्या. दुर्मीळ बाटल्या बहुधा दुसऱ्या प्रकारात असतात आणि ७५० मिलिलिटरच्या येतात, म्हणून एकटे जाऊ नका. तिघा-चौघांनी मिळून गेलात तर एका बाटलीत प्रत्येकाच्या वाट्याला एक नीटसा पेला येतो आणि दोन-तीन प्रकार चाखूनही माणूस शुद्धीत राहतो. जर्दाळू घातलेली ‘फूफून’ उन्हाळ्याच्या शेवटी येते आणि लवकर संपते. चेरीच्या क्रीकमध्ये लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम फळ पडते. तुम्ही सुपरमार्केटमध्ये घेतलेल्या गोड बाटलीत आणि हिच्यात चिंचेच्या कोळात आणि चिंचेच्या गोळीत असावा तितका फरक तुम्हाला जाणवेल. दुकानातून घेताना बाटलीवरच्या चिठ्ठीवर फ्लेमिशमधला ‘आउदे’ किंवा फ्रेंचमधला ‘व्हियेय’ हा शब्द शोधा. ‘आउदे ग्यूझ’ या नावाला युरोपीय संघाचे १९९७ पासून संरक्षण आहे आणि गोडवा घातलेल्या बाटलीवर ते लिहिता येत नाही. कांतियों मात्र हा शब्द न वापरता ‘१०० टक्के लॅम्बिक’ असे छापते.

वर्षातून दोनदा, बहुधा नोव्हेंबर आणि मार्चमध्ये, कांतियोंमध्ये लोकांना प्रत्यक्ष काम पाहू देतात. मला विचाराल तर कोणत्याही चाखण्याच्या मेळाव्याहून हा दिवस मोलाचा आहे. मी गेलो होतो तेव्हा बाहेर अजून अंधार होता आणि आत शिरताच शिजलेल्या गव्हाचा, थेट घरच्या लापशीसारखा वास आला. वर माळ्यावर गेलो तर तांब्याचे कुंड रिकामे होते, आणि त्याच्या वरच्या तुळयांवर कोळिष्टके जशीच्या तशी लोंबत होती. ती कोणी झाडत नाही, कारण उन्हाळ्यात पिंपांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळीच करतात. खाली पिंपांच्या रांगेत एका पिंपाच्या तोंडाशी तपकिरी फेस वाळून चिकटला होता. नव्या लॅम्बिकला पहिला जोर चढला की ती अशी उतू जाते. त्या दिवसानंतर मला ग्यूझ कधीच नुसती ‘आंबट’ लागली नाही.

मेळाव्यांविषयी थोडक्यात सांगतो. कांतियोंचा ‘झ्वान्झ डे’ २०११ मध्ये सुरू झाला; त्या दिवशी एकच खास बिअर जगभरातील निवडक ठिकाणी एकाच वेळी उघडतात. ‘झ्वान्झ’ म्हणजे ब्रसेल्सच्या बोलीतली थट्टामस्करी. दर दोन वर्षांनी वसंतात ‘टूर द ग्यूझ’ भरतो आणि त्यात शहराच्या नैर्ऋत्येकडील पायोटेनलँड व सेन नदीच्या खोऱ्यातील लॅम्बिक कारखाने आपली दारे उघडतात. त्यासाठी बसगाड्या सोडल्या जातात. त्यांची जागा आधीच राखून ठेवा आणि स्वतःची मोटार घरीच राहू द्या. सप्टेंबरमध्ये ग्रां प्लास चौकात बेल्जियन बिअरचा मोठा उत्सव असतो. तो देखणा आहे, पण दुर्मिळाच्या शोधात निघालेल्या माणसाचे तेथे फारसे काम नाही.

या मेळाव्यांची वाट पाहत वर्षभर थांबू मात्र नका. फोंतेना चौकातील ‘मोदेर लॅम्बिक’ या ठिकाणी कामाच्या दिवशी, गर्दी होण्याआधी जाऊन बसा. तेथे पिंपातून थेट येणारी, फेस नसलेली साधी लॅम्बिक मिळाली तर तिच्यापासूनच सुरुवात करा, मग ग्यूझ घ्या आणि फळांची बिअर शेवटी. तेथील माणसाला ‘सर्वांत दुर्मीळ काय आहे’ असे विचारण्याऐवजी ‘या आठवड्यात काय नवीन आले’ असे विचारा. चार वेळा गेलात, जे दिले ते लक्ष देऊन प्यायलात आणि त्यावर दोन शब्द बोललात, की पाचव्या वेळी यादीत नसलेली बाटली आपणहून समोर येते, असा माझा अनुभव आहे. बेर्सेल आणि लेम्बेक ही लॅम्बिकची दोन जुनी गावे रेल्वेने गाठता येतात. बेर्सेलचा आउद बेर्सेल हा कारखाना १८८२ चा. २००२ मध्ये तो बंद पडला आणि २००५ मध्ये एका तरुण चाहत्याने तो पुन्हा सुरू केला. अशा ठिकाणी रांगा लहान असतात आणि बोलायला माणसे मिळतात.

---

प्रश्न : आम्ही पुण्यातील पाच मैत्रिणी महिन्यातून एकदा वेगळी बिअर चाखायला भेटतो. एखाद्या खास बिअरची जाहिरात वाचून जावे, तर ती संपलेली असते. आगाऊ कसे कळावे? आणि जुनी बिअर अधिक चांगली, हे खरे आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण वरील उत्तर वाचून तो गैरसमज वाढण्याची शक्यता आहे. मुरण्याने सुधारणाऱ्या बिअर मोजक्याच असतात. पुण्यातील मायक्रोब्रुअरींत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या छोट्या ठिकाणी, जे बनते त्यातले बहुतेक सारे ताजेच प्यायचे असते. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो यीस्टपासून येतो आणि लवकर विरतो. आयपीए या भरपूर हॉप घातलेल्या बिअरमधला हॉपचा सुगंधही तसाच ओसरत जातो. २००९ मध्ये पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून या शहराला जे खरे सुख लाभले आहे, ते म्हणजे टाकीपासून पेल्यापर्यंतचे अंतर काही फुटांचे असणे.

खास बिअर लवकर संपते, कारण अशा ठिकाणी एक घाणा बहुधा ५०० ते १,००० लिटरचाच असतो आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत त्यातला मोठा वाटा निघून जातो. म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका. मंगळवार-बुधवारी दुपारी उशिरा जा आणि बिअर बनवणाऱ्याला भेटण्याची इच्छा सांगा. त्या वेळी तो बहुधा टाक्यांपाशीच असतो. ‘आता टाकीत काय आहे आणि नळाला कधी लागणार’ एवढे विचारलेत तर तो तारीख सांगतो, कारण टाकीत किती दिवस ठेवायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते. आंबा, कोकम, जांभूळ यांच्या बिअर त्या-त्या फळाच्या हंगामामागोमाग येतात, म्हणजे मंडईत फळ दिसू लागले की तुम्ही चौकशी सुरू करावी. पाच जणींनी पूर्ण पेले न मागवता छोट्या पेल्यांचा एकच संच मध्ये ठेवावा, सौम्य बिअरपासून काळ्या स्टाउटपर्यंत क्रमाने जावे, आणि प्रत्येकीने इतरींचे मत ऐकण्याआधी आपले मत कागदावर लिहावे. पहिल्या बोलणाऱ्याचा शब्द बाकीच्यांच्या जिभेवर बसतो, हे मी अनेक मेळाव्यांत पाहिले आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे पूर्ण असण्याची आहे, आणि परतीसाठी रिक्षा किंवा टॅक्सी हे जाण्यापूर्वीच ठरलेले असावे.

---

प्रश्न : माझा मुलगा बेल्जियममधून सुटीवर येताना ग्यूझच्या बाटल्या आणणार आहे. किती आणता येतात आणि येथे त्या कशा ठेवाव्यात?

उत्तर : भारतात येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. ग्यूझच्या ७५० मिलिलिटरच्या दोन आणि ३७५ मिलिलिटरची एक बाटली मिळून १,८७५ मिलिलिटर होतात, तेव्हा एवढ्याच आणायला सांगा. त्या मोठ्या सामानातच ठेवाव्या लागतील. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग जाड कपड्यात गुंडाळून मधोमध बसवावी.

घरी आल्यावर त्यांना उष्णतेपासून जपा. बाटलीच्या आत आंबण चालूच असते आणि उबेने आतला दाब वाढतो. बेर्सेलच्या आर्माँ देबेल्देर यांच्या द्री फोंतेनेन या कारखान्यात २००९ मध्ये गोदामाचे तापमान सांभाळणारे यंत्र बिघडले, आतली हवा भलतीच तापली आणि हजारो बाटल्या फुटल्या. जी बिअर वाचली ती विकण्याजोगी उरली नव्हती. तिचे ऊर्ध्वपातन करून त्यांनी एक मद्य बनवले आणि त्याच्या विक्रीतून कारखाना सावरायला हातभार लागला. माझ्याकडची एक बाटली मी मे महिन्यात पुण्यातल्या घराच्या माळ्यावर विसरलो होतो. काढली तेव्हा तारेच्या जाळीखाली बूच तिरके होऊन वर आले होते आणि बाटलीचा गळा चिकट झाला होता. तेव्हापासून मी बाटल्या फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवतो.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे यीस्टचा गाळ तळाला बसेल. पिण्यापूर्वी वीस मिनिटे ती फ्रिजबाहेर काढा. अगदी गार असताना तिचा वास दबून राहतो. तारेची जाळी सोडताना अंगठा बुचावरच असू द्या, बाटली तिरपी धरून सावकाश ओता आणि शेवटचा बोटभर गढूळ भाग बाटलीतच राहू द्या. सोबत खारवलेले शेंगदाणे चालतील, पण झणझणीत काही नको. तिखटामुळे तिचा आंबटपणा बोचरा लागतो.